अजून एक आहे

"अजून एक आहे," पप्पा म्हणाले आणि ताटातल्या बोंबलाचा काटा काढू लागले.

स्टेफीने कागद पुन्हा स्वतःकडे ओढला. त्यावरचा प्रोग्राम तिला आता पाठ झाला होता. कुठल्या ओळीवर कंस उघडतो आणि कुठे मिटतो, हे तिने झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. त्यात पेरलेले बिघाड तिने एकेक करून हुडकले होते, पेन्सिलीने गोल केले होते, दुरुस्त केले होते. तरी गेले कित्येक रविवार जेवणाच्या टेबलावर हेच वाक्य येत होतं.

"कुठल्या भागात आहे, एवढं तरी सांगा."

"परीक्षेत कंपनीवाले सांगणार आहेत का?"

तिने पेन्सिल पुन्हा उचलली.

तिचे वडील फ्रेडरिक लोपीस वालीवच्या एका कारखान्यात पॅकिंगच्या यंत्रांसाठी सी भाषेत प्रोग्राम लिहिता लिहिता निवृत्त झाले होते. वसईजवळच्या गासमधल्या घराला लागून वाडी होती, तिच्यात केळी, सोनचाफा आणि हिवाळ्यात वाल. पण त्यांचा जीव वाडीपेक्षा टेबलाशी जास्त रमे. संगणकाला ते 'साहेब' म्हणत. साहेबाला मनातलं कळत नाही, कागदावर लिहिलंय तेवढंच तो करतो, म्हणून साहेबावर रागावण्यात अर्थ नसतो, असं ते स्टेफी लहान असल्यापासून तिला सांगत आले होते.

शिकवण्याची त्यांची रीतही त्यांची स्वतःची होती. शनिवारी ते एका धडधाकट प्रोग्राममध्ये आपल्या हाताने बिघाड पेरत. प्रोग्राम छोटाच. मजकुराची फाइल वाचायची, शब्दांमधल्या जादा मोकळ्या जागा गाळायच्या, ओळीतले शब्द मोजायचे आणि मजकूर ठरावीक रुंदीत बसवून पुन्हा लिहून द्यायचा. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून आल्यावर स्टेफीने बिघाड शोधायचे. किती पेरलेत ते आधी सांगायचं नाही. तिने पेन्सिल खाली ठेवली की ते 'झालं' म्हणणार, नाहीतर 'अजून एक आहे' म्हणणार.

आणि प्रोग्राम यंत्रावर चालवण्याआधी तो हाताने चालवायचा. टेबलावर वाट्या मांडायच्या. प्रोग्राम जी जी गोष्ट लक्षात ठेवतो तिच्यासाठी एक वाटी, वाटीवर चिकटपट्टीने तिचं नाव. वाटीत घालायला वालाचे दाणे. एकाने मजकूर अक्षर अक्षर वाचत जायचा, दुसऱ्याने साहेब व्हायचं. कागदावरची ओळ सांगेल तसे दाणे टाकायचे, काढायचे, स्वतःची अक्कल चालवायची नाही. बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, पलीकडे राहणारी मार्गारेट मावशी, म्हणजे स्टेफीच्या आईची चुलतबहीण, हे बघून गेली की गावभर सांगे, लोपीसांकडे वाल शिजवत नाहीत, नुसते मोजतात.

स्टेफी नालासोपाऱ्याच्या एका ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्राची प्रात्यक्षिकं घेई. नेमणूक दर जूनला नव्याने. तिला त्यातून बाहेर पडायचं होतं. कोइंबतूरला हॉस्पिटलची उपकरणं बनवणारी एक कंपनी होती, तिच्या आधीच्या सगळ्या फेऱ्या पार करून ती शेवटच्या फेरीशी येऊन थांबली होती. त्या फेरीत एक बिघडलेला प्रोग्राम देतात आणि बिघाड किती ते सांगत नाहीत. मागल्या वर्षी पुण्याच्या एका कंपनीच्या अशाच परीक्षेत ती सगळं झालं असं समजून वेळेआधी उठली होती, आणि एक बिघाड आत राहून गेला होता. तो काही तिच्या मनातून जात नव्हता. म्हणून या वेळी तिने पप्पांना शब्द दिला होता की तुम्ही 'झालं' म्हणाल तेव्हाच मी बसेन. त्या शब्दापायी तिने एक तारीख पुढे ढकलली होती. आता कंपनीने कळवलं होतं की या महिन्यातली एखादी तारीख सांगा, नाहीतर आम्ही तुमचा अर्ज बंद करू.

'झालं' काही येत नव्हतं.

तारीख न कळवण्याचं आणखी एक कारण होतं, ते घरात कुणी मोठ्याने बोलत नसे. आई गेल्यापासून घरात पप्पा आणि ती, दोघंच. थोरला भाऊ क्लेटन कॅनडात. हल्ली पप्पांना काही काही विसरायला होत होतं. दूध गॅसवर ठेवून ते वाडीत निघून गेले आणि पातेलं जळून काळं झालं. एकदा मार्गारेट मावशी दारात उभी होती, तिला म्हणाले, मटिल्डा, बाहेर काय उभी, आत ये की. मटिल्डा म्हणजे स्टेफीची आई. मावशी हसली, पण आत न येताच गेली. स्टेफीने हे क्लेटनला फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला की अशा वेळी घरात कुणीतरी असायला हवं. त्या कुणीतरीचं नाव त्याने घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती.

डॉक्टरकडे चला म्हटलं की पप्पांना वाडीत पाणी सोडायचं असे.

त्या रविवारीही ती टेबलावरून उठली ती कागद घेऊनच. लॅपटॉपवर तिने प्रोग्राम थांबवत थांबवत चालवला. एक ओळ पुढे जायचं, थांबायचं, आतल्या आकड्यांकडे बघायचं, पुन्हा एक ओळ पुढे. रिकामी फाइल दिली. नुसत्या मोकळ्या जागांची फाइल दिली. एकच अवाढव्य शब्द असलेली दिली. प्रोग्राम शांतपणे बरोबर उत्तर देत राहिला. सुरुवातीला बिघाड असे लपत नसत. पहिल्याच रविवारी प्रोग्राम एका फेऱ्यात असा अडकला होता की पडद्यावर काही उमटेना, लॅपटॉपचा पंखा तेवढा घुं घुं करत होता. एक आकडा वाढवायचं राहून गेल्यामुळे साहेब तेच ते अक्षर पुन्हा पुन्हा वाचत बसला होता. तेव्हा ती हसली होती. अडकलाय हे निदान दिसत तरी होतं. आता प्रोग्राममध्ये काहीच अडकलेलं नव्हतं, आणि तिला मात्र त्या शंभरेक ओळींतून बाहेर पडता येत नव्हतं. मुलं लंबकाचे झोके मोजत असताना ती मनात तीच ओळ पुन्हा वाचे. बसमध्ये वाचे. संध्याकाळी रोझरी म्हणताना मध्येच तिच्या लक्षात येई की ओठ प्रार्थना म्हणताहेत आणि डोक्यात कंस जुळवणं चाललंय.

शेवटी तिने तो कागद बाजूला ठेवला आणि त्याच कामाचा दुसरा प्रोग्राम स्वतः, पहिल्या ओळीपासून, पप्पांच्या प्रोग्रामकडे न बघता लिहिला. मग दोन्हींना एकच मजकूर देत गेली आणि उत्तरं ताडून पाहिली. हाताशी सापडेल तो मजकूर दिला. यंत्राकडूनच वेडावाकडा मजकूर तयार करवून तोही दिला. दोघांची उत्तरं एकदाही वेगळी आली नाहीत.

बिघाड नाही, असं यावरून सिद्ध होत नव्हतं. तपासलं तिथे सापडला नाही, एवढंच म्हणता येत होतं. पण तिच्या संशयाने जागा बदलली. कागदावरून तो उठला आणि टेबलापलीकडच्या खुर्चीवर जाऊन बसला.

दोनच शक्यता होत्या. एक, पप्पा खोटं बोलत होते. दुसरी, आपण किती बिघाड पेरले ते त्यांना आठवत नव्हतं आणि नसलेला एक बिघाड ते मनापासून खरा धरून चालले होते. पहिली असेल तर तिला रागावता येणार होतं, बॅग भरता येणार होती. दुसरी असेल तर कोइंबतूर संपलं. स्वतःशी खरं बोलायचं तर आपले वडील खोटारडे निघावेत असंच तिला वाटत होतं, आणि असं मागणं देवापुढे कुठल्या तोंडाने मांडायचं ते तिला कळत नव्हतं.

पुढच्या शनिवारी तिने स्वतः एक बिघाड पेरला.

प्रोग्राममधला शब्द मोजायचा तुकडा तिने वेगळा काढला. त्याचा नियम सरळ होता. शब्द चालू असताना मोकळी जागा आली की शब्द संपला, एक मोजा. ओळ संपली की, शब्द अजून चालू असेल तरच, आणखी एक मोजा. यातली 'चालू असेल तरच' ही अट तिने काढून टाकली. आता ओळ संपली की साहेब काही न बघता एक वाढवणार होता. मग तिने पाच शब्दांची एक ओळ लिहिली आणि तिच्या शेवटी एक मोकळी जागा सोडली. माणूस मोजेल तर पाच. साहेब मोजेल तर सहा.

"मला इथे अडतंय," दुपारी चहाच्या वेळेला तिने पप्पांना सांगितलं. "तुम्ही साहेब व्हा. मी वाचते."

पप्पा खूश झाले. बऱ्याच दिवसांत तिने त्यांना साहेब केलं नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला, दोन वाट्या ओढल्या, एकीवर 'शब्द' आणि दुसरीवर 'चालू' असं लिहून चिकटवलं, आणि वालाचा डबा जवळ घेतला.

"चहा ठेव आधी. साहेब उपाशीपोटी काम करत नाही."

तिने आधण ठेवलं आणि वाचायला बसली. ती एकेक अक्षर म्हणे, पप्पांचं डावं बोट कागदावरून खाली सरके. शब्द सुरू झाला की 'चालू'च्या वाटीत एक दाणा पडे. मोकळी जागा आली की तो निघे आणि 'शब्द'च्या वाटीत एक पडे. हात कुठेही चाचरत नव्हता. पाचव्या शब्दानंतरची मोकळी जागा तिने वाचली. पाचवा दाणा पडला, 'चालू'ची वाटी रिकामी झाली.

"ओळ संपली," ती म्हणाली.

बोट त्या ओळीवर आलं. थांबलं. एक ओळ मागे गेलं, पुन्हा खाली आलं. आणि पप्पांच्या उजव्या हाताने डब्यातून एक दाणा उचलून 'शब्द'च्या वाटीत टाकला. स्टीलच्या वाटीत तो वाजला.

तेव्हा पप्पांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. ती कागदाकडे बघत होती.

"पाच," ते म्हणाले. "बरोबर चाललंय की. यात अडलं काय तुला?"

आत चहा फसफसला. ती उठली, गॅस बारीक केला, साखर घातली, गाळणं शोधलं. मुद्दाम वेळ लावला असं नाही. गाळणं खरंच सापडत नव्हतं. कप घेऊन बाहेर आली तेव्हा 'शब्द'च्या वाटीत पाच दाणे होते. पप्पांची उजवी मूठ टेबलावर मिटलेली होती. त्यांनी कप डाव्या हाताने घेतला. पिताना थोडा चहा बनियनवर सांडला, तरी मूठ उघडली नाही.

स्टेफीला हसू आलं आणि ते अर्ध्यातच थांबलं. जो विसरलाय त्याच्याकडे लपवायला काही नसतं.

"पप्पा, सहा होते."

ते खिडकीबाहेर बघत राहिले.

"मूठ उघडा."

त्यांनी उघडली. दाणा घामाने तळव्याला चिकटला होता. तो त्यांनी वाटीत टाकला नाही, डब्यात टाकला आणि झाकण लावलं.

"हात सवयीने टाकून गेला," ते म्हणाले. "मी अडवेपर्यंत टाकून गेला."

"आणि माझ्या कागदात अजून एक होता, तो?"

"नव्हता."

"कधीपासून नव्हता?"

"वालाला फुलं होती तेव्हाच तुझे सगळे सापडून झाले होते."

वाल आता सुकून डब्यात भरून झाले होते.

हे ऐकलं की आत काहीतरी सुटेल असं तिला वाटलं होतं. त्याऐवजी राग आला. किती संध्याकाळी तिने त्या शंभर ओळींत घातल्या होत्या, मैत्रिणींचे फोन उचलले नव्हते, कॉलेजात मुलांची मोजमापं चुकीची तपासून दिली होती. आणि हा माणूस समोर बसून बोंबलाचे काटे काढत होता. तिने ते सगळं त्यांना ऐकवलं, घरच्या बोलीत ऐकवलं, कारण लोपीसांच्या घरात प्रोग्राम पुस्तकी मराठीत चाले आणि भांडण घरच्या बोलीत. पप्पांनी मध्ये तोंड घातलं नाही. तिचं संपल्यावर त्यांनी सांगितलं की पहिल्यांदा म्हटलं ते त्या एका रविवारपुरतं म्हटलं होतं. पुढच्या रविवारी 'झालं' म्हणावं तर आधीचं खोटं उघडं पडलं असतं. म्हणून पुन्हा तेच म्हटलं. मग प्रत्येक रविवारी आदल्या रविवारसाठी म्हणावं लागत गेलं, आणि थांबायचं कुठे ते कळेना.

तिने खरा प्रश्न मग विचारला.

"आणि दूध? मार्गारेट मावशीला आईच्या नावाने हाक मारलीत ती? तेही असंच?"

पप्पा वाट्यांवरच्या चिकटपट्ट्या नखाने सोलत बसले.

"दूध मुद्दाम," शेवटी म्हणाले. "क्लेटनचा फोन यायचा होता त्या दिवशी. त्याच्या कानावर जावं म्हणून."

"आणि मावशी?"

"ती मला मटिल्डाच दिसली, बाय."

एवढा वेळ जे उघडू पाहत होतं ते पुन्हा मिटलं. एक बिघाड खोटा निघाला, एक खरा. कदाचित तोही खरा नसेल. डोळ्यांवर ऊन असताना त्याच चणीची बाई दारात उभी राहिली तर कुणालाही तसं दिसेल. हे वाट्या मांडून कळण्यासारखं नव्हतं. ती रागावू शकत होती आणि तरीही जाऊ शकत नव्हती. तिने धरलेल्या दोन शक्यतांत हे कुठेच नव्हतं.

रात्र तशीच गेली. रविवारी मिस्सेहून आल्यावर तिने दोन ठिकाणी वेळ घेतली. कंपनीला गुरुवारची सकाळ कळवली. परीक्षा घरूनच द्यायची होती, लॅपटॉपचा कॅमेरा चालू ठेवून. आणि त्याच दुपारची वेळ वसईतल्या एका मेंदूच्या डॉक्टरांची. मग ती पप्पांसमोर जाऊन बसली आणि म्हणाली, "माझी झाली की तुमची."

"माझ्यात बिघाड निघाला तर?" या वेळी त्यांच्या बोलण्यात थट्टा नव्हती. "तर तू राहशील. तू जावंस म्हणून मी तिथे बरोबर उत्तरं ठोकून देईन म्हटलं तरी जमत नाही. ती परीक्षा तशी नसते. मी चौकशी केलीय."

म्हणजे त्यांनी चौकशी केली होती. केव्हा, ते तिने विचारलं नाही.

"डॉक्टर काय म्हणतात त्यावर माझं जाणं ठरवायचं नाही," ती म्हणाली. "पास झाले तर मी जाणार, हे धरूनच आपण डॉक्टरांकडे जायचं. मग जे निघेल त्याची सोय लावू. क्लेटनलाही लावावी लागेल."

वाक्य ठाम निघालं. आपण ते खरोखर मानतो का, हे तिला सांगता आलं नसतं.

गुरुवारी पप्पा सकाळीच वाडीत गेले. कॅमेऱ्यात दुसरं माणूस दिसलं तर परीक्षा रद्द होते, हे त्यांनी इतकं मनावर घेतलं होतं की ते खिडकीसमोरूनही जाईनात. मार्गारेट मावशी केळफूल घेऊन आली तर तिला त्यांनी फाटकातच अडवलं. आत काय बिशप बसलेत का, असा मावशीचा आवाज ऐकू आला. पप्पांचं उत्तर ऐकू आलं नाही.

परीक्षेतला प्रोग्राम उपकरणाने लिहिलेल्या नोंदी वाचून त्यांतले आकडे वेगळे काढणारा होता. पहिला बिघाड समोरच होता. दुसऱ्याने वेळ घेतला. फाइलच्या अगदी शेवटी ओळ तोडलेली नसेल तर ती शेवटची नोंदच गळत होती. मग आणखी दोन सापडले. मग काही सापडेना.

वेळ बराच उरला होता. ती पुन्हा पहिल्या ओळीपासून निघाली, शेवटापर्यंत गेली, परत पहिल्या ओळीवर आली. असं किती वेळा झालं कोण जाणे. मग तिला कळलं की आपण वाचत नाही आहोत, कुणीतरी काहीतरी म्हणण्याची वाट बघतो आहोत. अजून एक आहे, असं डोक्यात चाललं होतं, आणि ते पप्पांच्याच आवाजात. तो आवाज खोटं बोलला होता हे माहीत असूनही तिचा हात बटणाकडे जात नव्हता. पुण्यात ती उठली होती आणि तेव्हा खरंच अजून एक होता.

पडद्याच्या तळाशी एक चौकट होती. प्रोग्राम आता निर्दोष आहे का, ते तिथे लिहायचं होतं. 'हो' लिहावं तर तसं कुणालाच म्हणता येत नाही. 'नाही' लिहावं तर दाखवायला काही नव्हतं. ती त्या चौकटीपुढे बसून राहिली. मग तिने आपण काय काय तपासलं ते लिहिलं आणि त्यात आता बिघाड दिसत नाही असं लिहिलं. जे तपासलं नाही तेही लिहिलं. तिथे काही असलं तर मला माहीत नाही, आणि हे माहीत नसतानाच मी थांबते आहे, असं शेवटी लिहून तिने बटण दाबलं. उरलेली मिनिटं पडद्यावरून गेली.

लगेच उठवेना. दाराबाहेर दुसरी परीक्षा होती.

तिने दार उघडलं तेव्हा पप्पा पायरीवर बसले होते. मिस्सेला घालायचा पांढरा शर्ट, पायात बूट, ओले केस चापून बसवलेले. मांडीवर मावशीचं केळफूल. पेपर कसा गेला, असं त्यांनी विचारलं नाही. तिच्या चेहऱ्याकडे एकदा बघून घेतलं आणि शेजारी सरकून जागा केली.

"तिथे म्हणे आधी शब्द सांगतात," ते म्हणाले. "मग भलतंच काहीतरी बोलत बसतात आणि मध्येच ते शब्द परत विचारतात. रिक्षा येईपर्यंत सांग बघू चार शब्द."

स्टेफी शेजारी बसली. तिने शब्द सांगितले: विहीर, पतंग, मीठ, जिना. पप्पांनी ते एकदा मागोमाग म्हटले. मग ती त्यांच्याशी केळफुलाबद्दल बोलली, ते कुणी सोलायचं आणि हात काळे कुणी करून घ्यायचे याबद्दल. वाडीतल्या पाण्याच्या पाळीबद्दल बोलली. कोइंबतूरला खोली किती लांब मिळेल याबद्दलही बोलली, आणि पप्पांनी तिथे मासे कसे मिळतात ते विचारलं. बोलता बोलता तिने विचारलं, "शब्द?"

पप्पांनी पहिला सांगितला. दुसरा सांगितला. फाटकाशी रिक्षा येऊन थांबली. ते उठले नाहीत. डोळे मिटून तिसऱ्याच्या मागे लागले होते. स्टेफीने रिक्षावाल्याला हाताने थांब म्हणून खूण केली आणि ओठांवर आलेला शब्द आत ठेवून बसून राहिली.